पश्चिमेचा दोर

केरबातात्यांनी पुढे होऊन पश्चिमेचा दोर उचलला आणि मला ते खटकलं.

देवळासमोरच्या पारावर आमची काठी आडवी ठेवलेली होती. चांगल्या जाड वेळूची, दुमजली घरापेक्षा उंच, अंगाला लाल-पांढरं कापड गुंडाळलेली आणि शेंड्याला निशाण. दर चैत्रात ती गावातून सिदोबाच्या डोंगरावर न्यायची. एकाने काठीचा बुडखा कमरेच्या कातडी पट्ट्यात घेऊन ती उभी तोलायची आणि चौघांनी शेंड्याला बांधलेले चार दोर चार दिशांना ताणून तिला सावरायचं, अशी आमची रीत. वाट कितीही वळली तरी पश्चिमेचा दोर पश्चिमेलाच राहिला पाहिजे, म्हणून दोरकरी चालता चालता काठीभोवती फिरत जातात. चैत्रात दुपारनंतर आमच्या डोंगरावर वारा पश्चिमेचा. त्यामुळे तो दोर सगळ्यात जड आणि सगळ्यात मानाचा.

बुडखा आमच्या घरचा. गेल्या वर्षी तो आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या कमरेला होता. डोंगरावर हत्तीकडा म्हणून एक काळा उभा कडा आहे, त्याच्याखाली काठी अचानक कलली आणि आण्णांच्या खांद्यावरून खाली आली. तेव्हापासून त्यांचा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. औंदा पट्टा माझ्या कमरेला बांधला जाणार होता. आणि काठी लागोपाठ दोन वर्षं पडली तर बुडख्याचा मान घर बदलतो, हीसुद्धा आमचीच रीत. मान जायचा तो भावकीतल्या थोरल्या घराकडे, म्हणजे केरबातात्यांच्या घराकडे.

"तात्यांना यंदा दुसरा दोर द्या," मी म्हणालो.

पारावरचे सगळे माझ्याकडे वळले.

"का रं?" आण्णांनी विचारलं.

"वय झालंय त्यांचं. पश्चिमेला जोर लागतो."

तात्यांचे दंड बघून कुणालाही हसू आलं असतं. उसाची मोळी एकटा डोक्यावर घेणारा गडी तो. माझा मित्र सर्ज्या, ज्याच्या घराकडे पूर्वेचा दोर होता, तो तर फिसकन हसलाच. तात्या मात्र खाली मान घालून दोराचा पीळ चाचपत राहिले. खरा माणूस असता तर भडकला असता, असं मला वाटलं आणि गेल्या वर्षी काठी त्यांनीच पाडली असावी, या माझ्या संशयाला आणखी खतपाणी मिळालं.

"पश्चिमेला केरबाच," आण्णा म्हणाले. "इषय संपला."

घरी जाताना मी पुन्हा विषय काढला. "आण्णा, गेल्या साली काय झालं ते सगळ्या गावानं बघितलंय."

"सगळ्यांनी बघितलंय. तू न्हाई बघितलंस. तू तुझ्या टावरवर हुतास."

"मग तुम्ही सांगा की मला."

आण्णा मग म्हणाले, "वारं असताना कोणबी धरतंय, उत्तम."

"म्हणजे?"

"म्हंजे जेव चल. भूक लागलीया."

आमच्या आण्णांकडून काही काढून घ्यायचं म्हणजे दगडातून तेल काढायचं. आई तशी नव्हती. ती परातीत हरभऱ्याची डाळ निवडत बसली होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याजवळ टेकलो तशी तिनेच हळू आवाजात सुरुवात केली.

"मी सांगितलं म्हणू नगंस. दवाखान्यात मी चहा घेऊन दाराशी उभी हुते. आत केरबाभावजी तुझ्या आण्णांचा हात धरून रडालते. 'दादा, माझ्याच हातानं झालं' म्हणालते."

"असं म्हणाले? स्वतःच्या तोंडानं?"

"ह्या कानानं ऐकलंय."

"आण्णा काय म्हणाले?"

"मला बघितलं आन् दोघंबी गप झाले." आईने डाळीतला खडा उचलून लांब भिरकावला. "त्यांच्या बाला हा मान पायजे हुता, ते त्यांच्या घरात कुणी इसरलेलं न्हाई. तू संबाळून."

मी तेव्हा मोबाईल कंपन्यांच्या टॉवरवर चढून अँटेना बसवायचं काम करायचो. आजही करतो, फक्त आता चढण्यापेक्षा चढवतो जास्त. त्या कामात सकाळी उठल्यावर चहाच्या आधी वारा बघायचा असतो. मोबाईलवर अंदाज उघडायचा. त्यात दोन आकडे असतात, एक सरासरी वेगाचा आणि दुसरा झोताचा. नवखा पोरगा सरासरी बघून खूश होतो. जुना माणूस आधी झोत बघतो, कारण माणूस टॉवरवरून उडतो तो झोताने. तिसरी गोष्ट दिशा. वारा जिकडून येतो त्या दिशेचं त्याला नाव, म्हणून पश्चिमेचा वारा वस्तू ढकलतो पूर्वेकडे. हे सगळं मला इतकं अंगवळणी पडलं होतं की गावात कुणी 'काठी वाऱ्यानं पडली' म्हटलं की माझं डोकं फिरायचं.

कारण मागच्या तारखांचा वारा दाखवणारं एक पान मी उघडून बघितलं होतं. गेल्या वर्षी यात्रेच्या दुपारी आमच्या डोंगरावर वारा पश्चिमेचा होता, नेहमीसारखा, झोतही बऱ्यापैकी. म्हणजे वाऱ्याने पडती तर काठी पूर्वेला पडायला हवी होती. सर्ज्याच्या अंगावर. पण ती पडली पश्चिमेला, हे पाहणारे सगळेच सांगत होते. चक्क वाऱ्याच्या तोंडावर पडली. वेळूला काय पाय फुटले होते? पश्चिमेला एकच माणूस होता आणि त्याच्या हातात दोर होता. त्यानेच ओढली, दुसरं कोण ओढणार?

यात्रा तोंडावर आली असताना आणखी एक गोष्ट घडली. सर्ज्याच सांगत आला.

"तात्या रोज दुपारचा डोंगरावर जातोय गड्या. खांद्यावर दोर टाकून. म्हशी न्हाईत, लाकडं न्हाईत. काय करतोय कुणास ठाऊक."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागावर गेलो. नव्या रस्त्याने न जाता खालच्या करवंदीच्या जाळ्यांतून चढलो. हा नवा रस्ता दोन वर्षांपूर्वी झाला. त्याआधी काठी पलीकडच्या पायऱ्यांनी वर जायची. गेल्या वर्षी पहिल्यांदाच ती रस्त्याने गेली, आणि रस्ता नेमका हत्तीकड्याच्या कुशीतून काढलेला. कड्याच्या अलीकडे मोकळं पठार आहे. तिथे मी एका झाडाच्या बुंध्याआड उभा राहिलो. वाऱ्याने माझा सदरा फडफडत होता.

तात्या कड्याजवळ होते. रस्त्याच्या कडेला त्यांनी एक मेख ठोकली होती आणि तिला लाल चिंधी बांधली होती. जागा हेरून खूण करून ठेवलेली दिसत होती. आणलेला दोर त्यांनी एका लवचीक रोपट्याला बांधला होता. तो ते अंग मागे झोकून ओढत होते, टाचा मातीत रुतवून. रोपटं वाकत होतं. आणि मग एकदम, काही कळायच्या आत, ते दोन्ही तळहात उघडत होते. दोर ढिला पडायचा. रोपटं सपकन सरळ व्हायचं. पुन्हा ओढायचं आणि पुन्हा सोडायचं. मध्येच थांबून ते चिंधीकडे बघायचे, तोंडाने काहीतरी पुटपुटायचे आणि पुन्हा सुरू.

गेल्या साली ओढून पाडली, औंदा सोडून पाडणार. त्याचा सराव चालला होता, तोही त्याच जागी. मी आल्या वाटेने परत फिरलो. भीती होतीच, पण भीतीपेक्षा राग मोठा होता. या माणसाच्या मांडीवर बसून मी लहानपणी बोरं खाल्ली होती.

आण्णांना सांगून उपयोग नव्हता. मी सर्ज्याला गाठलं.

"तू पूर्वेला आहेस. त्यांच्या बरोबर समोर. माझ्यापेक्षा त्यांच्यावर लक्ष ठेव. तात्यांच्या दोरात काही वेडंवाकडं दिसलं, की थांबू नको. जोर लावून ओढ."

"तुला खरंच वाटतंय, उत्तमा?" सर्ज्याचा चेहरा उतरला होता. "तात्या असला न्हाई रं."

"हात बघितलास का आण्णांचा?"

"ओढतो," एवढंच तो म्हणाला.

यात्रेच्या सकाळी मी अंदाज उघडला. सरासरी बेताची होती, झोताचा आकडा मात्र तिच्या जवळजवळ दुप्पट. बाण पश्चिमेकडून आत घुसलेला. असल्या दिवशी आमचा साहेब कुणाला टॉवरच्या पहिल्या पायरीवरसुद्धा पाय ठेवू द्यायचा नाही.

"आण्णा, काठी लवकर काढूया. दुपारी वारं वाढणार आहे."

"पालखी दुपारी निघती आन् काठी तिच्या मागनं. देवाला इचार तुझ्या मोबाईलवर जमतंय काय."

डाव्या हाताने आणि दातांनी मिळून त्यांनी माझ्या कमरेचा पट्टा आवळला. तेवढ्यानेही त्यांना दम लागला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एकच ध्यानात ठेव. नजर शेंड्यावर. दोरकऱ्यांकडं बघायचं न्हाई. त्यांचं ते बघतील. तू त्यांच्याकडं बघालास की काठी गेली."

"हो," मी म्हणालो. मनात म्हटलं, बघणार तर आहेच.

'सिदोबाच्या नावानं चांगभलं' झालं, गुलाल उडाला, हलगी कडाडली आणि काठी उभी राहिली. खालची चढण सोपी गेली. आण्णा सर्ज्याच्या भावाच्या जीपमधून पुढे देवळाकडे गेले. आम्ही पठारावर आलो आणि वारा आला. पश्चिमेकडून, अंदाजात होता तसाच, जरा जरा थांबून झोत मारत. प्रत्येक झोताला काठी करकरत पूर्वेकडे झुकायची आणि बुडखा माझ्या पोटात रुतायचा. तात्या पश्चिमेला जवळजवळ बसल्यासारखे मागे झुकले होते. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. त्यांच्या एकट्याच्या जिवावर काठी उभी होती, हे मला दिसत होतं, आणि त्याचीच मला धास्ती वाटत होती. या माणसाने नुसती बोटं उघडली तर संपलं.

"उत्तम, वर बघ!" उत्तरेच्या दोरावरून कुणीतरी ओरडलं.

मी वर बघितलं आणि पुन्हा तात्यांकडे बघितलं. मान वर राहीना. कडा जवळ येत होता. तात्या ना काठीकडे बघत होते, ना दोराकडे. त्यांची नजर पुढे त्या मेखेवरच्या लाल चिंधीवर खिळली होती. आमच्याकडे वारा नुसता घोंगावत होता. काठी कड्याच्या सावलीत शिरायला एखादं पाऊल उरलं असेल, तात्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि दोन्ही तळहात उघडले.

"सोडला! तात्यानं दोर सोडला!" सर्ज्या किंचाळला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने दोराला वेढा दिला होता आणि ओढण्यासाठी अंग मागे टाकलं होतं.

मी डोळे मिटायच्या बेतात होतो. अंगाने आधीच ठरवलं होतं की आता काठी पूर्वेला जाणार. पण बुडखा पोटात रुतला नाही. पट्ट्यावरचं ओझं एकाएकी हलकं झालं. कानात घोंगावणारं थांबलं आणि हलगी इतकी स्पष्ट ऐकू आली की मी दचकलो. मी वर बघितलं. मघापर्यंत फाटेल असं वाटणारं निशाण वेळूला चिकटून निपचित लोंबत होतं.

वारा नव्हता. कड्याने तो कापून टाकल्यासारखा थांबवला होता. काठी माझ्या कमरेवर सरळ उभी होती, पश्चिमेला कुणी धरून नसताना.

"सर्ज्या, ओढू नको!" माझ्या तोंडून कसंबसं निघालं. "ढील दे! हात सोड!"

"आरं पर तूच म्हणालास..."

"सोड म्हणतो!"

त्याने दोर सैल केला. काठी जागच्या जागी किंचित डोलली आणि थांबली. त्याने तेव्हा ओढलं असतं तर ती गेलीच होती, कारण समोरून तिला धरणारा दोर सुटलेला होता.

कड्याच्या कुशीतून आम्ही चाललो. तात्या उघड्या तळहातांवर दोर झोपवून चालत होते, ताटात काही वाढून न्यावं तसे. कड्याचा शेवट आला तिथे आणखी एक मेख होती; पहिल्या मेखेवरची चिंधी लोंबत होती, हिच्यावरची लाल चिंधी मात्र आडवी फडफडत होती. ती दिसताच तात्यांनी दोराला दोन वेढे दिले, टाचा रोवल्या, आणि पुढच्याच पावलाला वारा आम्हांला धडकला. काठी हललीसुद्धा नाही.

देवळापुढे काठी टेकवून मी खाली बसलो. तात्या माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांचे तळहात सोलून निघाले होते.

"त्या दिवशी झाडाआड उभा हुतास," ते म्हणाले. "सदरा फडफडत हुता तुझा. दिसला."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू? गेल्या साली ह्याच हातांनी पाडली. पठारावर वारं असं झोंबत हुतं की सगळा जीव लावून वडून धरलीवती. कड्याखाली आलो आन् वारं एकदम मेलं. मी वडतच हुतो रं. कळलंच न्हाई मला. काठी सरळ माझ्याकडं आली, आन् मधी दादा."

झोताच्या आकड्याला मी जन्मभर घाबरत आलो होतो. झोताला टेकून उभा राहिलेल्या माणसाचं झोत संपल्यावर काय होतं, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि माझा अंदाज अख्ख्या डोंगराचा होता, त्या एका कड्याच्या सावलीचा नव्हता.

"निदान मला तरी सांगायचं, तात्या. मी सर्ज्याला काय सांगून बसलो होतो माहितीये?"

"सांगितलं असतं की कड्याखाली पश्चिमेचा दोर सोडणार हाय," तात्या माझ्याकडे सरळ बघत म्हणाले, "तर धरू दिला असतास तो दोर मला?"

खोटं बोलायची ती जागा नव्हती.

"नाही," मी म्हणालो.

"मग?"

एवढ्यात आण्णा आले. तात्या उठून उभे राहिले, लहान पोरासारखे.

"दादा, न्हाई पडली."

"बघितलं हितनं." आण्णांनी डावा हात त्यांच्या मानेवर ठेवला. "गेल्या सालीबी हेच सांगालतो तुला दवाखान्यात. वारं गेलं, तू तेवढा ऱ्हायलास. सोडून पळाला न्हाईस. असला माणूस पश्चिमेला न्हाई ठेवायचा तर कुठं ठेवायचा?"

तात्यांनी सोललेल्या हातांनी तोंड झाकलं. मलाही आवरलं नाही. आण्णांनी आम्हां दोघांकडे बघितलं आणि "आरं, गुलाल भिजंल," एवढं म्हणून तोंड फिरवलं.

नैवेद्य झाला. काठी आली तशी परत खाली न्यायची असते, त्याच वाटेने, आणि वारा अजून होताच. मी बुडखा पट्ट्यात घेतला. तात्यांनी हातांना चिंध्या गुंडाळून दोर उचलला आणि माझ्याकडे बघितलं. काही तरी विचारायचं होतं त्यांना, पण त्यांनी विचारलं नाही.

मी मान वर केली आणि शेंड्यावर नजर लावून चालू लागलो. कडा कधी आला, तात्यांनी दोर कधी सोडला आणि परत कधी धरला, मला कळलंही नाही.